७.२ आणि ८९ : दोन काळांतल्या गाड्यांची तुलना कशी करावी

पद्मिनी विकली जायची त्या काळात टॉर्क किलोग्रॅम-मीटरमध्ये लिहायची पद्धत होती. त्या हिशेबानं प्रीमियर पद्मिनीचा टॉर्क ७.२ भरतो. आज शोरूममध्ये जाऊन एक लिटरच्या वॅगनआरचं ब्रोशर उचललंत, तर टॉर्कच्या रकान्यात ८९ दिसेल. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पण ते शेजारी मांडून कुणी म्हणालं, की नव्या गाडीची ओढ बारापट आहे, तर ते साफ चूक. ८९ हे न्यूटन-मीटर आहेत. पद्मिनीचे ७.२ किलोग्रॅम-मीटर न्यूटन-मीटरमध्ये मांडले की ७१ होतात. फरक उरतो तो सव्वापटीचा.

जुन्या-नव्या गाड्यांचा हा वाद घरोघरी चालतो. कुणाला वडिलांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची असते, कुणाला हौस म्हणून जुनी गाडी विकत घ्यायची असते, आणि बऱ्याच जणांना नुसतं भांडायचं असतं. एक बाजू म्हणते, जुन्या गाड्यांत दम होता. दुसरी म्हणते, हे सगळं आठवणींचं कौतुक. मग दोघंही मोबाइलवर आकडे शोधतात आणि एकमेकांच्या तोंडावर फेकतात. ते आकडे कुणी मोजले, कसे मोजले, गाडी रिकामी होती की भरलेली, हे विचारायचं राहून जातं. आकड्यांची तुलना करण्याआधी दोन्ही गाड्यांना एकच प्रश्न विचारला गेला होता का, हे तपासायला हवं. नसेल, तर तो एकच करून घ्यायचा. हे कसं करायचं ते एका खऱ्या जोडीवर पाहू.

जोडी पद्मिनी आणि वॅगनआर अशीच का? कारण दोघींनी एकच काम केलं आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनायची. १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे पद्मिनी, असं समीकरण कित्येक दशकं टिकलं. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती आणि टॅक्सीसाठी असलेल्या वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ती २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून उतरली. आज त्याच स्टँडवर सीएनजीच्या वॅगनआर उभ्या असतात. चार उतारू, त्यांचं सामान, दिवसभर सिग्नलला थांबत थांबत चालणं आणि इंधनाचा खर्च मालकाच्या खिशातून : काम तेच. तुलनेसाठी जोडी निवडताना हे आधी पाहावं. पद्मिनीसमोर फॉर्च्युनर उभी केली तर करमणूक होईल, हाती काही लागणार नाही.

दुसरी गोष्ट, नाव एक असलं तरी गाडी एक असेलच असं नाही. पद्मिनी म्हणजे नेमकी कुठली? स्टीअरिंगजवळ गिअरचा दांडा असलेली पेट्रोलची, की नंतर आलेली डिझेलची १३७डी, की नव्वदच्या दशकातली, खालून गिअर टाकायची एसवन? वॅगनआरचंही तेच. १९९९ च्या अखेरीस आलेली पहिली वॅगनआर १.१ लिटरची होती. २०१९ पासूनच्या पिढीत १ लिटर आणि १.२ लिटर अशी दोन इंजिनं मिळतात. म्हणून कागदावर सर्वांत वर वर्ष, इंजिन आणि इंधन लिहून घ्या. मी इथे पेट्रोलवरची १,०८९ सीसीची पद्मिनी आणि २०१९ नंतरची ९९८ सीसीची वॅगनआर घेतो आहे.

ताकद : कोणाचे घोडे, कसे मोजले

पद्मिनीची ताकद ४० बीएचपी, ४,८०० आरपीएमला. वॅगनआरची ६७ पीएस, ५,५०० आरपीएमला. आधी एकक सारखं करू. पीएस हा मेट्रिक घोडा, तो ब्रिटिश घोड्यापेक्षा किंचित हलका; पीएसमधल्या आकड्याला ०.९८६ नं गुणलं की बीएचपी मिळते. म्हणजे ६७ पीएस सुमारे ६६ बीएचपी. हा फरक छोटा आहे, त्यावर वेळ घालवू नका.

वेळ घालवायचा तो पुढच्या प्रश्नावर. इंजिन मोजलं तेव्हा त्याच्या अंगावर काय काय होतं? जुन्या अमेरिकी पद्धतीत इंजिन बाकावर उघडं ठेवून मोजत. डायनॅमो, पंखा, एअर फिल्टर, सायलेन्सर यांतलं बरंच काही काढून ठेवलेलं असायचं. त्याला ग्रॉस म्हणतात. गाडीत बसवल्यावर ही सगळी मंडळी ताकद खातात. ती धरून मोजलं की नेट. १९७२ च्या सुमारास अमेरिकी कंपन्या ग्रॉसवरून नेटवर आल्या आणि आकडे धाडकन खाली आले. कॅडिलॅक एल्डोराडोचं ८.२ लिटरचं इंजिन १९७० मध्ये ४०० अश्वशक्तीचं होतं, १९७१ मध्ये ३६५ चं झालं आणि १९७२ मध्ये २३५ चं. यातली ४०० वरून ३६५ ची घट खरी, कारण तेव्हा इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो कमी केला होता. ३६५ वरून २३५ ची घट मात्र मुख्यतः मोजमापाची. ज्यांना हे माहीत नसतं ते आजही सांगतात, की सत्तरच्या दशकात अमेरिकी गाड्या एका वर्षात मेल्या.

जुन्या कागदावर ताकदीपुढे डिन लिहिलं असेल तर तो आकडा नेट समजावा. जर्मन डिन मानकात इंजिनाच्या अंगावरचं सगळं सामान धरलेलं असतं. एसएई लिहिलं असेल आणि साल १९७२ च्या आधीचं असेल, तर ग्रॉस असण्याची शक्यता जास्त. काहीच लिहिलं नसेल तर दोन्ही शक्यता धरून हिशेब करा आणि निकाल पालटतो का ते पाहा. आपल्या जोडीत तो पालटत नाही. पद्मिनीचे ४० ग्रॉस धरले तर ती आणखी मागे पडेल, नेट धरले तरी वॅगनआर पुढेच राहते. अशा वेळी मानकाच्या शोधात रात्र जाळायची गरज नाही.

आकडा खरा वाटतो का, हे घरबसल्या तपासायची एक सोपी युक्ती आहे. न्यूटन-मीटरमधल्या टॉर्कला आरपीएमनं गुणा आणि ७,१२१ नं भागा. त्या फेऱ्यांवर इंजिन किती बीएचपी देतंय ते कळतं. पद्मिनीचा सर्वाधिक टॉर्क ७१, तो ३,००० फेऱ्यांना. उत्तर येतं साधारण ३०. म्हणजे ४० पैकी ३० बीएचपी ती ३,००० वरच देऊन टाकते. हाच हिशेब उलटा करा : ४० ला ७,१२१ नं गुणून ४,८०० नं भागलं की ५९ न्यूटन-मीटर येतात. हे ७१ पेक्षा कमी आहेत, म्हणजे आकडे एकमेकांशी जुळतात. वॅगनआरचं असंच केलं तर ५,५०० फेऱ्यांना ८५ येतात, सर्वाधिक टॉर्क ८९; तेही जुळलं. उलट्या हिशेबात आलेला टॉर्क सर्वाधिक टॉर्कपेक्षा मोठा निघाला, तर कुठेतरी एकक चुकलंय किंवा आकडा थापेचा आहे, हे नक्की. जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत आणि आजच्या व्हिडिओंत असे आकडे बरेच सापडतात.

आता वजन. पद्मिनी ८९५ किलो, पेट्रोलची वॅगनआर ८१० किलोच्या आसपास. ‘जुन्या गाड्या लोखंडाच्या’ म्हणणाऱ्यांना हा फरक इतका कमी पाहून नवल वाटतं. त्यात सीएनजीची टाकी बसवली की वॅगनआर नऊशेच्या आसपास जाते, म्हणजे पद्मिनीच्याच पंक्तीत. वजनाच्या रकान्यातही एक खोच असते. कोरडं वजन म्हणजे तेल, पाणी, इंधनाशिवाय. कर्ब वेट म्हणजे ते सगळं धरून. आरसीवर असतं ते अनलेडन वेट. तिन्ही आकडे एकाच गाडीचे असूनही वेगळे येऊ शकतात, म्हणून दोन्ही गाड्यांचं एकाच प्रकारचं वजन घ्या.

रिकाम्या गाडीचं ताकद-वजन गुणोत्तर सांगण्यात लोकांना फार रस. पद्मिनी टनामागे ४५ बीएचपी, वॅगनआर ८१. पण टॅक्सी रिकामी कधी कमावते? ड्रायव्हर धरून पाच माणसं बसवा, माणशी ६८ किलो, एकूण ३४० किलो. आता पद्मिनी टनामागे ३२ वर येते आणि वॅगनआर ५७ वर. तीच वॅगनआर सीएनजीवर चालवली की ताकद ५७ पीएसवर उतरते, वजन वाढतं, आणि टनामागे सुमारे ४५ उरतात. म्हणजे भरलेली सीएनजी वॅगनआर जवळजवळ रिकाम्या पद्मिनीइतकी चपळ. घाटात सीएनजीची गाडी दम टाकते, अशी ड्रायव्हरांची जी तक्रार असते तिचं मूळ इथे आहे. कागदावरच्या ८१ मधून ते दिसलंच नसतं.

आणि नवी गाडी म्हणजे मोठा आकडा, असंही धरून चालू नका. २००५ ची स्विफ्ट १,२९८ सीसीची, चार सिलिंडरची, ८७ पीएसची होती. २०२४ ची स्विफ्ट १,१९७ सीसीची, तीन सिलिंडरची, ८२ पीएसची आहे. टॉर्क जवळपास तेवढाच. मधल्या वीस वर्षांत सगळी मेहनत गेली ती धूर कमी करण्यात आणि अ‍ॅव्हरेज वाढवण्यात, आणि ताकदीच्या रकान्यात ती मेहनत दिसत नाही.

लांबी कमी, जागा जास्त

मापांच्या रकान्यात फसवाफसवी कमी असते, कारण मिलिमीटर हा मिलिमीटरच. तरीही मला स्वतःला सगळ्यांत जास्त मजा इथेच येते. पद्मिनीची लांबी सुमारे ३.९ मीटर, वॅगनआरची ३,६५५ मिलिमीटर. नवी गाडी पाव मीटरनं आखूड. पण पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, पाहा : पद्मिनीचा २,३४०, वॅगनआरचा २,४३५. गाडी आखूड आणि चाकं मात्र एकमेकांपासून जास्त लांब. हे कसं जमलं?

पद्मिनीचं इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेनं. त्यामागे गिअरबॉक्स, तिथून खालून मागच्या चाकांपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट, मागे पाट्यांवर बसवलेला अ‍ॅक्सल. शाफ्टसाठी जमिनीच्या मधोमध उंचवटा लागतो आणि मागे मधल्या सीटवर बसणाऱ्याचे पाय त्यावर येतात. वॅगनआरचं इंजिन आडवं आहे, गिअरबॉक्स त्याच्या शेजारी, आणि ओढतात ती पुढचीच चाकं. यंत्रांनी खाल्लेली जागा माणसांना मिळाली. रुंदी १,४६० वरून १,६२० झाली, म्हणजे सोळा सेंटिमीटरनं वाढली. उंची १,४६८ वरून १,६७५, म्हणजे वीस सेंटिमीटर जास्त. त्यामुळे वाकून बसावं लागत नाही. साडी नेसलेल्या आजींना कुठल्या गाडीत चढणं सोपं, हे या एका आकड्यावरून सांगता येतं, आणि शोरूममध्ये मी तरी आजींना आधी विचारीन.

म्हणून लांबीवरून गाडी ‘मोठी’ की ‘छोटी’ ठरवू नका. आपल्याकडे छोटी गाडी ही सरकारी व्याख्याही आहे : लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीच्या आत. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, मोठ्या गाड्यांवर ४०. पद्मिनी आज नवी विकायला काढली असती तर ३.९ मीटर आणि १,०८९ सीसी या दोन आकड्यांवर आरामात छोट्या गाड्यांत बसली असती. तिच्या काळात ती अख्ख्या कुटुंबाची ऐटदार गाडी होती.

एका बाबतीत मात्र जुनी गाडी जिंकते आणि कागद ते लपवतो. पद्मिनीच्या पुढे सलग बाकडं आणि गिअरचा दांडा स्टीअरिंगला, त्यामुळे पुढे तिसरा माणूस कोंबता यायचा. आज दोन सीटांच्या मध्ये गिअर आहे. डिकीची तुलना करताना, वॅगनआरचे ३४१ लिटर हे सीएनजी सिलिंडर नसतानाचे आहेत, हे विसरू नका. सिलिंडर बसल्यावर बॅगा कुठे जातात, हे मुंबईत विमानतळावरून टॅक्सी केलेल्या कुणालाही विचारा. काळ्या-पिवळ्यांच्या टपावरचं कॅरियर अजून गेलेलं नाही, ते उगाच नव्हे.

अ‍ॅव्हरेजचा घोळ

वॅगनआरचा प्रमाणित आकडा पेट्रोलवर लिटरला २४.३५ किलोमीटर आणि सीएनजीवर किलोला ३४.०५ किलोमीटर. हा आकडा रस्त्यावरचा नाही. गाडी रोलरवर ठेवून, ठरवून दिलेल्या वेगांच्या तक्त्याप्रमाणे सुमारे वीस मिनिटं पळवली जाते. वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. ही पद्धत सगळ्या नव्या गाड्यांना सारखी, त्यामुळे दोन नव्या गाड्यांची आपापसांत तुलना करायला ती चांगली आहे. जुन्या गाडीशी तुलना करायला मात्र निरुपयोगी. पद्मिनीच्या काळात कंपन्या बहुधा ठरावीक वेगानं सरळ रस्त्यावर चालवून आलेलं अ‍ॅव्हरेज सांगत, किंवा मासिकांचे लोक स्वतः चालवून मोजत. एकीकडे रोलर, दुसरीकडे मोकळा हायवे. या दोन आकड्यांत वजाबाकी करू नका.

खरंच तुलना करायची असेल तर दोन्ही गाड्या एकाच आठवड्यात, एकाच रस्त्यावर, तेवढीच माणसं घेऊन चालवा. पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, किमान दोनशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा तशीच भरा. जुन्या गाडीचा किलोमीटरचा काटा खरा चालतो का, हे आधी मोबाइलच्या जीपीएसवर पाहून घ्या. टायर मूळ मापाचे नसतील तर काटा हमखास चुकतो.

किलो आणि लिटर यांची सरमिसळही फार होते. ३४ हा २४ पेक्षा मोठा म्हणून सीएनजीवर गाडी दीडपट काटकसरी होत नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक किलो सीएनजीमध्ये ४८ च्या आसपास. म्हणजे किलोभर सीएनजी हे दीड लिटर पेट्रोलच्या तोडीचं. ३४.०५ ला दीडनं भागा, २२.७ येतात. ऊर्जेच्या हिशेबात इंजिन पेट्रोलवर आणि सीएनजीवर जवळपास सारखंच खातं. टॅक्सीवाल्याचा जो फायदा होतो तो सीएनजीच्या दरामुळे. दर बदलले की फायदाही बदलतो, म्हणून तुलनेच्या कागदावर रुपये प्रति किलोमीटर हा स्वतंत्र रकाना ठेवा आणि त्यापुढे तारीख घाला.

परदेशी पुस्तकांतून आकडे घेणाऱ्यांसाठी एक छोटी सूचना. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकी ३.७८५ चा. गॅलनला ३५ मैल म्हणजे ब्रिटिश हिशेबात लिटरला १२.४ किलोमीटर, अमेरिकी हिशेबात १४.९. पुस्तक लंडनचं की डेट्रॉइटचं, ते मुखपृष्ठाच्या आत पाहा.

न लिहिलेल्या गोष्टी

जुन्या माहितीपत्रकात चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असल्याचं अभिमानानं छापलेलं दिसतं. कारण त्याआधी तारांनी ओढले जाणारे ब्रेक होते. आज कुठलीही कंपनी हायड्रॉलिक हा शब्द छापत नाही, म्हणून काही ब्रेक तारांवर गेलेले नाहीत. प्रत्येक काळ त्याला नवीन वाटतं तेच छापतो. जुन्या कागदावर सिंक्रोमेशचा, म्हणजे गिअर टाकताना चाकांचा वेग जुळवून घेणाऱ्या रचनेचा, उल्लेख असेल तर तो कुठल्या गिअरांना आहे हे वाचा. पद्मिनीच्या मूळ गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला तो नव्हता. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकला की जो कर्रकन आवाज येतो तो बिघाडाचा नसतो, रचनेचाच असतो. विकत घेण्याआधी हे माहीत असलं की मेकॅनिक तुम्हाला नवा गिअरबॉक्स विकू शकत नाही.

ब्रेकच्या रकान्यात पद्मिनीला चारही ड्रम. वॅगनआरला पुढे डिस्क, मागे ड्रम आणि एबीएस. लागोपाठ ब्रेक मारत घाट उतरताना ड्रम तापतात आणि पकड कमी होते. डिस्कला वारा लागतो, ती लवकर थंड होते. टायरचं मापही असंच वाचावं. पद्मिनीचं ५.२०-१४ : रुंदी ५.२ इंच, म्हणजे १३२ मिलिमीटर, आणि रिम १४ इंची. वॅगनआरच्या बेस मॉडेलचं १५५/८० आर १३ : रुंदी १५५ मिलिमीटर, रिम १३ इंची, आणि आर म्हणजे रेडियल. रिम १४ ची म्हणून जुन्या गाडीचा टायर भारी, असं नाही. रस्त्याला चिकटतो तो पट्टा नव्या गाडीचा जास्त रुंद आहे.

सुरक्षिततेबद्दल थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण इथे चुकीच्या तुलनेची किंमत जिवानं मोजावी लागते. जाड पत्रा म्हणजे सुरक्षित गाडी, ही समजूत किती खोटी आहे हे अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीनं २००९ मध्ये दाखवलं. आपल्या पन्नासाव्या वर्षाच्या निमित्तानं त्यांनी १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मॅलिबू ताशी ६४ किलोमीटर वेगानं समोरासमोर, अर्ध्या तोंडानं आपटवल्या. बेल एअर दिसायला धिप्पाड. तिची बसायची जागाच आत चेपली गेली. त्यात माणूस असता तर वाचला नसता. मॅलिबूचं नाक पार चुरगळलं, पण आतला पिंजरा टिकला आणि चालकाला पायाची किरकोळ इजा झाली असती. नव्या गाडीचा पुढचा भाग चेपण्यासाठीच बनवलेला असतो, धक्का त्यानं खायचा असतो. बंपरला ठोसा मारून ‘पत्रा पातळ आहे’ म्हणणाऱ्यांनी हा व्हिडिओ पाहावा.

पण मग वॅगनआर सुरक्षित आहे असं म्हणायचं का? ग्लोबल एनकॅपनं २०१९ मध्ये तिला प्रौढांसाठी दोन तारे दिले होते, २०२३ मध्ये एक, आणि मुलांसाठी शून्य. चार वर्षांत गाडी बिघडली नाही. मधल्या काळात चाचणी कडक झाली, बाजूनं बसणाऱ्या धडकेसारख्या गोष्टी त्यात आल्या. तेव्हा तारे पाहताना चाचणीचं वर्षही पाहा. जुन्या नियमांचे चार तारे आणि नव्या नियमांचे तीन तारे यांत कोण पुढे, ते नुसते तारे मोजून कळत नाही. पद्मिनीला तारे नाहीतच. ज्या गाडीत एअरबॅग नाही, डोक्यामागे आधार नाही, तिच्यासाठी वेगळी चाचणी करायची गरजही नाही. जुनी गाडी घेतलीत तर ताशी ६० च्या आत चालवा आणि मुलांना पुढच्या बाकड्यावर बसवू नका. आमच्या लहानपणी आम्ही सगळे तिथेच बसायचो, हे कारण चालणार नाही.

पैसा आणि कागद

किमतीची तुलना सर्वांत जास्त केली जाते आणि सर्वांत वाईट केली जाते. १९८३ मध्ये मारुती ८०० सुमारे पन्नास हजारांत आली, हे सगळ्यांना पाठ असतं. त्या पन्नास हजारांची आजची किंमत महागाई निर्देशांकावरून काढता येते, पण तेवढ्यानं भागत नाही. तेव्हा गाडी नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे आणि लगेच हवी असेल तर वरचे पैसे द्यावे लागत. म्हणून छापील किमतीपेक्षा ती गाडी म्हणजे किती महिन्यांचा पगार, हे विचारा. एकाच हुद्द्याचा, समजा शाळेतल्या शिक्षकाचा किंवा बँकेतल्या कारकुनाचा, दोन्ही वर्षांचा पगार घ्या आणि भागाकार करा. एका बाजूला एक्स-शोरूम आणि दुसऱ्या बाजूला ऑन-रोड घेऊ नका. नोंदणी कर आणि विमा धरून फरक लाखाच्या घरात जातो.

जुनी गाडी प्रत्यक्ष घ्यायची असेल तर आणखी काही गोष्टी त्याच कागदावर याव्यात. पद्मिनीच्या काळातलं पेट्रोल शिसेयुक्त होतं. भारतात ते २००० मध्ये पूर्ण बंद झालं. आजच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुने रबरी पाइप, कार्ब्युरेटरमधले वॉशर आणि पंपाचा डायफ्राम यांना ते सोसवेलच असं नाही, म्हणून हे भाग नव्या रबराचे घालून घ्या आणि तो खर्च किमतीत धरा. सर्व्हिसचं अंतरही वेगळं : नवी गाडी दहा हजार किलोमीटरला गॅरेजमध्ये जाते, जुनीला त्याच्या निम्म्यात ऑइल, ग्रीस, पॉइंट, टॅपेट सगळं पाहावं लागतं. मात्र पॉइंट रस्त्याकडेला उभं राहून घासता येतो. नव्या गाडीचा ईसीयू तसा घासता येत नाही.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे. नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचं ५,०००, आणि नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. पहिल्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत. पण अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही, आणि मूळ चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. कितीतरी पद्मिनींमधून मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेलं असतं. म्हणून बयाणा देण्याआधी बॉनेट उघडून इंजिन नंबर आरसीवरच्या नंबराशी ताडून पाहा, आणि इंधनाच्या रकान्यात पेट्रोल लिहिलंय की डिझेल, तेही.